ओझ्यासकट अ‍ॅव्हरेज सांगा

माननीय संपादक,
सादर नमस्कार वि. वि.

अमेरिकेतील पिकअप गाड्यांत आठ सिलिंडरची मोठी पेट्रोल इंजिने परतत असल्याची बातमी आपल्या वृत्तपत्रात वाचली. रॅम कंपनीने 1500 या पिकअपमधले 5.7 लिटरचे हेमी व्ही-8 इंजिन 2025 च्या मॉडेलात बंद केले, त्याजागी 3 लिटरचे, दोन टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) बसवलेले सहा सिलिंडरचे इंजिन आणले, आणि गिऱ्हाइकांची नाराजी पाहून 2026 साठी हेमी पुन्हा देऊ केले. बातमीचा रोख असा होता की पेट्रोल वाचवणारे टर्बो सोडून लोक हौसेपायी पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाकडे वळले. मी मूळचा पुण्याचा. बरीच वर्षे मिशिगनमध्ये इंजिनांच्या चाचणीचे काम करतो. पुढच्या पिकअपमध्ये टर्बो पेट्रोलच असावे, असे माझेही मत आहे. मात्र टर्बो आहे म्हणजे पेट्रोल वाचणारच, हे गृहीत धरणे चूक आहे, आणि त्या समजुतीने गिऱ्हाइकाचे नुकसान होते.

टर्बोने खरे काय दिले ते आधी सांगतो. फोर्डची एफ-सिरीज ही 1977 पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप मालिका. तिच्यातल्या एफ-150 मध्ये 2011 साली 3.5 लिटरचे, इकोबूस्ट नावाचे टर्बो व्ही-6 आले. सहा सिलिंडर काय ओझे ओढणार, अशी शंका शेतकरी आणि बांधकामवाले उघड बोलून दाखवत. शेजारीच त्यांच्या सवयीचे 5 लिटरचे व्ही-8 होते. अश्वशक्ती जवळपास सारखी होती, टर्बोची 365 आणि व्ही-8 ची 360. फरक टॉर्कमध्ये, म्हणजे ओढीत होता. व्ही-8 ची 515 न्यूटन मीटर ओढ 4,250 आरपीएमला (मिनिटाला 4,250 फेऱ्यांवर) मिळे, तर टर्बोची 569 न्यूटन मीटर ओढ 2,500 लाच. घोड्यांचा ट्रेलर मागे लावून चढावर गाडी उठवायची तर कामाला येते ती ही खालची ओढ. उंचीचाही प्रश्न आहे. कोलोरॅडोत आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून उंच आहे. हवा विरळ असल्यामुळे साध्या इंजिनाची ताकद तिथे सुमारे तीस टक्क्यांनी घटते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. कष्टाची गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने हे फार मोठे काम झाले आहे, आणि त्याचे श्रेय इंजिनिअरांना मिळायलाच हवे.

आता अ‍ॅव्हरेज. त्याच 2011 च्या गाडीच्या सरकारी लेबलवर मागच्या चाकांवर चालणाऱ्या इकोबूस्टचे एकत्रित अ‍ॅव्हरेज 18 मैल प्रति गॅलन होते आणि व्ही-8 चे 17. आपल्या हिशेबात लिटरला सुमारे 7.6 आणि 7.2 किलोमीटर. एवढाच फरक, तोही रिकाम्या गाडीचा.

ओझे लागले की हा फरकही टिकेलच असे नाही, आणि त्याची कारणे इंजिनाच्या आतच आहेत. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर टर्बोचा एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. सपाट रस्त्यावर रिकाम्या गाडीला हा दाब फारसा लागतच नाही, त्यामुळे लहान इंजिन लहान इंजिनासारखे थोडक्यात भागवते. मागे चार टनांचा ट्रेलर आणि पुढे घाट असला की सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा जाऊ लागते आणि तिच्या जोडीला पेट्रोलही तेवढेच जाते. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण दाब आणि उष्णता वाढल्यावर उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटते आणि इंजिन ठोकू लागते. ते टाळण्यासाठी कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलातून काम कमी मिळते. शिवाय टर्बो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू नयेत म्हणून गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडावे लागते. 14.7 किलो हवेला 1 किलो पेट्रोल हे नेहमीचे प्रमाण तिथे मोडते आणि जास्तीचे पेट्रोल पूर्ण न जळता केवळ गारवा देऊन बाहेर पडते. काही नव्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे गरम वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या, सिलिंडर हेडमध्येच ओतून पाण्याने गार ठेवतात. त्याने ही नासाडी कमी झाली आहे, थांबलेली नाही. जड ट्रेलर ओढताना प्रीमियम पेट्रोल वापरा असा सल्लाही असतोच, आणि ते इथे बरेच महाग मिळते.

टिकाऊपणाच्या भीतीबद्दल थोडक्यात. 2024 मध्ये टोयोटाने टुंड्रा या पिकअपच्या टर्बो व्ही-6 साठी सुमारे 1 लाख गाड्या परत बोलावल्या, तेव्हा "बघा, टर्बो टिकत नाही" असे सगळीकडे ऐकू आले. प्रत्यक्षात दोष होता कारखान्यात इंजिनात राहून गेलेल्या धातूच्या कचऱ्याचा. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने अमेरिकेत जवळपास 6 लाख गाड्या परत बोलावल्या, त्या 6.2 लिटरच्या बिनटर्बो व्ही-8 च्या होत्या.

माझी मागणी एका आकड्यापुरती आहे. पिकअप किती वजन ओढू शकते हे ठरवायला एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची जे-2807 नावाची पद्धत आहे. तिच्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ, भर उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, पूर्ण ओझ्यासह चढायचा असतो. किमान वेग ठरलेला आहे. इंजिन तापते का, हेही पाहिले जाते. फक्त त्या चढाला पेट्रोल किती लागले, एवढे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. गाडी, ट्रेलर, रस्ता, उपकरणे असा सगळा खर्च झालेलाच असतो. तो आकडा लेबलवर छापायला अडचण कसली?

आता तर याची निकड वाढली आहे. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी अ‍ॅव्हरेजची सरकारी मर्यादा न पाळणाऱ्या कंपन्यांचा दंड अमेरिकेच्या 2025 च्या कायद्याने शून्यावर आणला. एका बाजूला जनरल मोटर्स नव्या व्ही-8 साठी कारखान्यांत मोठा पैसा घालते आहे आणि दुसऱ्या बाजूला तिचीच सिल्व्हेराडो पिकअप 2.7 लिटरच्या चार सिलिंडर टर्बोवर विकली जाते. दंडाचा धाक गेल्यावर निवड पूर्णपणे गिऱ्हाइकावर आली. आठवड्यातून सहा दिवस रिकामी गाडी चालवणाऱ्याला लहान टर्बो फायद्याचा आहे. रोज बोट किंवा जेसीबी ओढणाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल, कदाचित डिझेलकडे जाईल. पण दोघांना आज एकच लेबल दाखवले जाते.

हे महाराष्ट्रातल्या वाचकांना का सांगावे? अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांचे कॅलिब्रेशनचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे आकडे ठरवण्याचे, बरेच काम पुण्यातली तरुण मंडळी करतात, ठिणगी किती उशिरा पाडायची आणि पेट्रोल किती जास्त सोडायचे हे तक्ते त्यांच्याच हातून जातात. शिवाय एक लिटरच्या आसपासचे टर्बो पेट्रोल आता भारतातल्या साध्या गाड्यांतही आले आहे. माणसे आणि सामान भरून घाट चढताना त्यांच्यातही हेच घडते. आपल्या वृत्तपत्रात नव्या गाड्यांची परीक्षणे येतात. त्यांत कंपनीचा आकडा देताना, पाच माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट चढायला किती पेट्रोल लागले तेही मोजून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ट्रॉय, मिशिगन