टॉवर नसलेली धावपट्टी

महोदय,
सोलापूरकरांना होटगी रोडचे विमानतळ नवे नाही. पण नियंत्रण टॉवर नसलेल्या लहान धावपट्टीवर दोन छोटी विमाने एकमेकांसमोर का येतात, याची चर्चा फारशी होत नाही. तिथे वैमानिकच एकमेकांना रेडिओवर आपली जागा सांगतात. एकाने चुकीची फ्रिक्वेन्सी लावली किंवा दोघे एकाच क्षणी बोलले, की सगळे मुसळ केरात. म्हणून उत्तर न आल्यास आकाश मोकळे आहे असे कधीही धरू नये.

वारा पडलेला असताना धोका जास्त, कारण कोणत्या टोकाकडून जायचे हे मग वारा ठरवत नाही. एक जण ०९ क्रमांकाच्या टोकाकडून उतरतो, दुसरा २७ क्रमांकाच्या टोकाकडून उड्डाण करतो. धावपट्टी तीच, टोके समोरासमोर. त्यामुळे प्रत्येक संदेशात धावपट्टीचा क्रमांक हवाच. सुमारे १००० फुटांवरून पूर्ण सर्किट, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीशेजारून ठरलेली फेरी, घेतले तर इतरांना विमान दिसते. थेट सरळ उतरणारा मात्र अचानक उपटतो. त्यातही अंतिम टप्प्यात वरच्या विमानाचे पंख खाली आणि खालच्याचे वर बसवलेले असले, तर दोघे एकमेकांना दिसतच नाहीत.

उड्डाणासाठी धावपट्टीवर येण्याआधी विमान थोडे वळवून, उतरणारी विमाने येतात ती दिशा डोळ्यांनी तपासावी, लँडिंग लाइट चालू ठेवावा. समांतर टॅक्सीवे (विमानाला जमिनीवरून ये-जा करायचा बाजूचा रस्ता) नसेल तर उतरलेले विमान धावपट्टीवरूनच मागे फिरते; ते बाहेर पडल्याचे कळेपर्यंत मागच्याने उतरू नये, वेळीच गो-अराउंड करावा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जावे. इंधन वाचवण्याची जागा ही नव्हे.

— एक वाचक, सोलापूर