‘जनुकांत दडलेला कर्करोग’ आणि माझी भाची

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीतील फुफ्फुसाच्या कर्करोगावरचा लेख मी त्याच दिवशी वाचला होता आणि पुरवणी नेहमीप्रमाणे रद्दीत टाकली होती. सोमवारी सकाळी माझी भाची साखळीहून पहिल्या बसने फोंड्याला आली आणि तिने पर्समधून त्याच लेखाचे कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. ‘जनुकांत दडलेला कर्करोग आता लवकर कळणार’ या आपल्या मथळ्यातील पहिल्या दोन शब्दांखाली तिने लाल शाईने दोनदा रेघ ओढली होती. “मामा, आईचं ते माझ्यातही असणार ना?” एवढेच तिने विचारले. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, दोन वर्षांपूर्वी याच रोगाने गेली.

मथळा देणाऱ्या आपल्या सहकाऱ्याने तिसऱ्या स्तंभापर्यंत लेख वाचण्याची तसदी घेतली असती, तर लेखात वर्णिलेली चाचणी जनुकीय अभिव्यक्तीची, म्हणजे जनुकांच्या चालू कामाची आहे, हे त्यांच्या ध्यानात आले असते. मी सत्तावीस वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवले. वर्गात मी सांगत असे की गावात घरोघरी पोथी तीच असली, तरी आज कोणाकडे कोणता अध्याय लागला आहे, हे ओसरीवर जाऊन ऐकल्यावाचून कळत नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. त्यांपैकी कोणती जनुके सध्या कामाला लागली आहेत आणि कोणती गप्प आहेत, हे पेशीतील आरएनएच्या, म्हणजे कामाला लागलेल्या जनुकांच्या नकलांच्या, प्रमाणावरून मोजतात. धुराने, सुजेने, रोगाने हे काम बदलते. आईवडिलांकडून काय आले, याचा दाखला ही चाचणी देत नाही. आईला किंवा वडिलांना हा रोग झाला असल्यास मुलांचा धोका काहीसा वाढतो, हे मी नाकारत नाही. परंतु तो विषय वेगळा आणि आपला मथळा वेगळा. लेखात जनुक, डीएनए आणि गुणसूत्र हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत, त्याबद्दल माझ्या अकरावीच्या विद्यार्थ्यांचेही गुण मी कापले असते.

मूळ काम मोलाचे आहे, म्हणून अधिक चीड येते. बोस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली, कर्करोगाचा संशय असलेल्या आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकेतील, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या पेशी ब्रशने काढून ८० जनुकांचे काम मोजले. गाठ फुफ्फुसात खोल असली, तरी धुराची खूण साऱ्या श्वसनमार्गावर उमटते, हा त्यामागचा विचार. पुढे २३ जनुकांची चाचणी तयार झाली आणि २०१५ साली ६३९ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीने, सुमारे ७५ टक्के कर्करोग सापडत होते, ते प्रमाण या चाचणीची जोड दिल्यावर सुमारे ९७ टक्क्यांवर गेले. मात्र ज्यांना कर्करोग नव्हता, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांवरही या चाचणीने संशयाचा शिक्का मारला, हे आपल्या लेखात कोठेही नाही. तिचा खरा उपयोग, ब्राँकोस्कोपीतून काहीच निष्पन्न न झालेल्या रुग्णाला पुढची चिरफाड टाळता येईल का, हे ठरवण्यासाठी आहे. शिवाय हे सर्व रुग्ण धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले होते. माझ्या बहिणीने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. धूर गिळला तो सत्तरी तालुक्यातल्या घरच्या चुलीचा.

तिचा खोकला मृगाच्या पावसात सुरू झाला आणि चतुर्थीपर्यंत आम्ही सर्वांनी तो पावसाळी ठरवला. एक्स-रेत डाग दिसला. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा त्यात जंतू सापडले नाहीत, तरीही जवळच्या दवाखान्यातून तिला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांतील एका औषधाने लघवी नारिंगी होते. तो रंग पाहून “औषध लागू पडतंय” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानाने सांगत असे आणि मी, जीवशास्त्राचा शिक्षक, मान डोलावत असे. सहा महिने असे गेले. सातव्या महिन्यात सीटी स्कॅन झाला, तेव्हा रोग मणक्यापर्यंत पोहोचला होता. तिला २३ जनुकांची चाचणी नको होती, संपादक महोदय. वेळेवर एक स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासणारा कोणी हवा होता.

कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने जबर धूम्रपान करणाऱ्यांतील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील सुमारे ५३,००० लोकांवरच्या पाहणीने २०११ सालीच दाखवले. पण त्या पाहणीत स्कॅनवर संशयास्पद ठरलेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निष्कर्ष अखेर कर्करोगाचे नव्हते. म्हणून तर अशा संशयितांच्या छाननीसाठी जनुकीय अभिव्यक्तीकडे पाहिले जाते. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण असलेली फुफ्फुसे कितीतरी आहेत. तेथे ही छाननी किती टिकेल, हा प्रश्न एखाद्या छाती-रोग तज्ज्ञाला विचारून आपण लेख पूर्ण केला असता, तर आम्ही वाचक उपकृत झालो असतो.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर, लेखाला चिकटून, एका खासगी प्रयोगशाळेची ‘संपूर्ण शरीर व कर्करोग मार्कर तपासणी’ची पाव पानाची जाहिरात आहे. लेख वाचून घाबरलेल्या माणसाची नजर पुढे कोठे जाते, हे आपल्या जाहिरात विभागाला कळत नसेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. भाचीने रविवारी दुपारीच तो फोन लावला होता. गुरुवारी घरी येऊन रक्त नेणार होते. मी तिला तपासणी रद्द करायला लावली. आगाऊ भरलेले पाचशे रुपये परत मिळणार नाहीत, असे तिला फोनवर सांगण्यात आले.

ते पैसे मी आपल्याकडे मागत नाही. दुरुस्ती मात्र छापावी, आणि ती चौथ्या पानाच्या कोपऱ्यात बारीक टायपात न छापता, रविवारच्या पुरवणीत मथळा होता त्याच जागी आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. भाचीला तिचे कात्रण मी परत दिलेले नाही. दुरुस्ती आली की त्याला जोडून देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा