गुलाबी चिठ्ठी आणि दिवसाला पाच डायपर

न्यूर्नबर्ग,
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तुझी ईश्वरी चार वर्षांची झाली, दुकानातला सगळ्यात मोठा डायपरही मांडीला काचतो, आणि तू म्हणालास, ‘लंगोटाचे पैसे विमा कशाला देईल?’ देतो. द्यावेच लागतात. तिसरा वाढदिवस होईपर्यंत कासे, म्हणजे इथली आरोग्य विमा संस्था, हात वर करते, कारण त्या वयात सगळीच मुलं डायपर लावतात. पुढे मात्र सेरेब्रल पाल्सीसारख्या मेंदूच्या विकारामुळे शू-शीवर ताबा नसेल, तर डायपर ‘हिल्फ्समिटेल’, म्हणजे सहायक साधन, ठरतो. म्हणजे व्हीलचेअर आणि श्रवणयंत्र ज्या खात्यात मोडतात, त्याच खात्यात. जर्मन समाजसंहितेच्या पाचव्या पुस्तकातलं कलम 33. साधनांच्या सरकारी यादीत याचा गट 15.

तेव्हा ‘मिळेल का’ हा प्रश्न सोड. खरी झटापट होते ती किती मिळतील आणि कसले मिळतील यावर. तिथे आकडे चालतात, गयावया चालत नाही. म्हणून डॉक्टरकडे जायच्या आधी तीन दिवसांची नोंद कर. त्यातला निदान एक दिवस किटाचा, म्हणजे बालवाडीचा, असू दे, कारण तिथली बदलायची वेळ तुमच्या घरच्यापेक्षा वेगळी असते. स्वयंपाकघरातला काटा घे, कोरा डायपर तोल, बदलला की ओला तोल. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. कोरा 55 ग्रॅम आणि ओला 265 भरला, तर 210 मिलिलिटर शू झाली. शी झालेला तोलू नकोस, नुसती वेळ लिही. कधी गळलं, कपडे बदलावे लागले का, कातडी लाल झाली का, हेही लिही. रात्रीचा आकडा वेगळा ठेव, तो पुढे फार उपयोगी पडतो.

मग चिठ्ठी. किंडरआर्त्स्ट, म्हणजे मुलांचा डॉक्टर, देईल किंवा तुम्ही जाता त्या एसपीझेडमधले, म्हणजे मुलांच्या विकासाच्या केंद्रातले, डॉक्टर देतील. औषधांचं रेत्सेप्ट आता इलेक्ट्रॉनिक झालं, तरी हे अजून गुलाबी कागदावरच मिळतं. त्यावर 7 आकड्याच्या चौकटीत खूण हवी. ती ‘हिल्फ्समिटेल’ची खूण; राहून गेली तर चिठ्ठी परत येते. डॉक्टर कधीकधी ‘माझं बजेट संपेल’ म्हणून टाळतात. ते बजेट औषधांचं असतं, हिल्फ्समिटेल त्यात धरत नाहीत. नम्रपणे सांग, बरेच जण मान्य करतात.

चिठ्ठीवर काय लिहिलंय ते दवाखान्यातच वाच. बहुतेक भानगडी तिथेच जन्माला येतात. नुसतं ‘डायपर’ लिहिलं तर पुरवठादार त्याच्या सोयीचा माल आणि त्याच्या सोयीची संख्या देतो. रोगनिदानं दोन्ही हवीत: मूळ आजार सेरेब्रल पाल्सी (आजारांच्या यादीत जी 80) आणि त्यासोबत लघवीवर ताबा नसणं (आर 32). शीवरही नसेल तर आर 15. मग साधनाचा प्रकार: टेपवाली विंडेलहोझे, चड्डीसारखी पँट्स, की जाळीच्या चड्डीत बसणारी फोरलागे, म्हणजे नुसती शोषक घडी. मग संख्या: दिवसा 4, रात्री जास्त शोषणारा 1, म्हणजे दिवसाला 5, महिन्याला 150. मग मुदत: 12 महिन्यांसाठी कायमचा पुरवठा असं लिहून घे, नाहीतर दर महिन्याला त्या रिसेप्शनसमोर उभा राहशील. शेवटी एक ओळ कारणाची: कातडी सोलवटू नये आणि मुलीला किटात इतरांबरोबर राहता यावं, यासाठी आवश्यक. ही ओळ शोभेची नाही. कातडीचं रक्षण आणि चारचौघांत वावरता येणं, या कारणांवरच कासे साधनं मंजूर करते.

ब्रँडचं नाव डॉक्टर सहसा लिहीत नाहीत, फक्त प्रकार लिहितात. विशिष्ट मालच हवा असेल तर त्याचा दहा आकडी क्रमांक आणि वैद्यकीय कारण, दोन्ही लिहावं लागतं. इतर मालाने पुरळ येतं, हे असं कारण होऊ शकतं. तुझ्या नोंदीत ते तारखेसकट असेल तर डॉक्टरलाही लिहायला बरं.

तारखेपासून 28 दिवसांत ती चिठ्ठी पुरवठादाराकडे किंवा कासेकडे पोचली पाहिजे. पण कोपऱ्यावरच्या अपोथेकेत, म्हणजे औषधाच्या दुकानात, आधी देऊन टाकू नकोस. ज्यांचा तुझ्या कासेशी करार आहे त्यांच्याकडूनच माल मिळतो. कासेला फोन करून गट 15 चे करारबद्ध पुरवठादार विचार, त्यातल्या दोघा-तिघांशी बोल आणि मगच एकाला चिठ्ठी दे. दोन प्रश्न हमखास विचार: मुलांचे लहान साइझ ठेवता का, आणि नमुने देता का. नमुने फुकट मिळतात. दोन-तीन प्रकार मागव आणि प्रत्येक प्रकार एक पूर्ण रात्र वापरून बघ. दिवसा सगळेच चांगले वाटतात.

आता पैशांचं. कायद्यातला स्वतःचा हिस्सा, म्हणजे त्सुत्सालुंग, हा किमतीच्या 10 टक्के, आणि या वापरून टाकायच्या वस्तूंना महिन्याला जास्तीत जास्त 10 युरो. अठरा वर्षांखालच्यांना तोही माफ. म्हणजे ईश्वरीसाठी शून्य. पण तुझ्यापुढे आणखी एक कागद येईल, आउफत्सालुंगचा, म्हणजे वरच्या पैशांचा, आणि त्याला ही माफी लागू नाही. झालंय असं की बहुतेक करारांत कासे पुरवठादाराला महिन्याची ठरलेली रक्कम देते, डायपर 90 लागोत की 150. साहजिकच त्याला स्वस्त आणि कमी माल परवडतो. ‘कासेचा साधा माल हा, चांगला हवा तर महिन्याला अमुक युरो वर’ असं तो म्हणतो. तू सही केलीस की कागदावर असं होतं की पुरेसा माल देऊ केला होता, तू हौसेने महाग घेतलास. मग पुढे तक्रारीला जागाच उरत नाही.

नियम उलट बाजूने वाच: गरज भागेल असा माल वरचे पैसे न घेता देऊ करणं हे पुरवठादाराचं काम आहे. गरज कुठवर, हे तुझी नोंद सांगते. तेव्हा आधी साधा माल आठवडाभर वापर. गळला तर किती वेळा, कितीला वाजता, ते लिहून पुरवठादाराला ईमेल कर आणि लिही की या मालाने गरज भागत नाही, आउफत्सालुंगशिवाय दुसरा द्या. नाही म्हणाला तर तोच मजकूर कासेला पाठव. पुरवठादार बदलून मागता येतो. एवढंच की पँट्ससाठी वरचे पैसे मागणं फार सर्रास चालतं, आणि झोपून राहणाऱ्या मुलीला टेपवालाच सोयीचा. पँट्ससाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. ती उभी राहायला शिकतेय, स्वतः चड्डी ओढायचा प्रयत्न करतेय, असं फिजिओथेरपिस्टने लिहून दिलं तर गोष्ट वेगळी.

मालाला दोष देण्याआधी लावण्याची पद्धत मात्र तपास. अर्धी गळती तिथली असते. साइझ वयावर किंवा वजनावर घेऊ नकोस, टेपने कंबर आणि कुल्ले मोज, जो आकडा मोठा त्यावर घे. मोठा साइझ जास्त शोषतो हा गैरसमज आहे. ढगळ डायपर मांडीपाशी उघडा राहतो. लावण्याआधी लांबीत दुमडून होडीसारखा आकार दे, म्हणजे आतल्या कडा उभ्या राहतात. खालच्या टेपा आधी, किंचित वरच्या दिशेने. वरच्या नंतर, किंचित खालच्या दिशेने. जाड झिंकचं मलम थापू नकोस. तेलकट थराने डायपरचा वरचा पापुद्रा बंद होतो आणि शू आत मुरायच्या ऐवजी कडेने वाहते. आणि एकावर एक दोन डायपर लावणं तर वहिनींना अजिबात करू देऊ नकोस. आतल्याला बाहेरून प्लास्टिक असतं, दुसऱ्यापर्यंत काही पोचतच नाही, नुसती उष्णता वाढते. पाकिटावर लिहिलेले मिलिलिटर प्रयोगशाळेत पूर्ण बुडवून मोजलेले असतात. अंगावर त्याच्या निम्मेही पकडतो असं धरून चाल.

पलंगावर टाकायच्या शोषक चादरी, हातमोजे आणि जंतुनाशक हे सगळं दुसऱ्या खिशातून येतं, प्फ्लेगेकासेकडून, म्हणजे देखभालीच्या विम्याकडून. 1 जानेवारी 2025 पासून महिन्याला 42 युरोपर्यंत, घरी सांभाळत असाल आणि निदान प्फ्लेगेग्राड 1, म्हणजे देखभालीच्या गरजेची पहिली पायरी, असेल तर. डायपर त्या 42 मध्ये कोणी बसवायला लागला तर बसवू देऊ नकोस, ते वेगळं. धुऊन वापरायच्या चादरीही त्या 42 च्या बाहेर, वेगळ्या मिळतात. प्फ्लेगेग्राडचा अर्ज तुम्ही अजून केला नाहीत हे ऐकून खरं तर मी चाट पडलो. मुलाची तुलना त्याच वयाच्या निरोगी मुलाशी करतात, तेव्हा ‘लहान आहे, करावंच लागतं’ हे मनातून काढून टाक. गेल्या दहा वर्षांत दोन वर्षांचा विमा लागतो. मुलांसाठी आई-बापांपैकी एकाचा चालतो, आणि तुला येऊन तीन वर्षं होत आली. अर्ज केल्यावर 25 कामाच्या दिवसांत निर्णय यायला हवा. ग्राड 2 मिळाला तरी महिन्याला 347 युरो भत्ता, 3 ला 599.

नकार आला तर घाबरू नकोस, पण नकार कोणाचा ते बघ. पुरवठादाराचं ‘एवढंच मिळतं’ हे कासेचं म्हणणं नव्हे. फोनवरच्या बाईचंही नव्हे. लेखी बेशाईड, म्हणजे अधिकृत निर्णय, माग. कासेकडे रीतसर अर्ज गेला असेल तर तिला तीन आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं, कासेंसाठी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय सेवेचं मत घ्यायचं असेल तर पाच. बेशाईड मिळाल्यापासून एक महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे लेखी विरोध, टाकायचा, सही करून, पोस्टाने किंवा फॅक्सने. साधा ईमेल धरत नाहीत. आधी एका ओळीत ‘मी विरोध नोंदवतो, कारणं मागाहून देतो’ एवढं पाठवलं तरी मुदत वाचते. मग नोंदी, कातडीचे फोटो आणि डॉक्टरचं पत्र जोड. सल्ल्यासाठी ‘ईयूटीबी’ नावाची केंद्रं गावोगाव आहेत, फुकट आणि कासेपासून स्वतंत्र. त्याही पुढे सामाजिक न्यायालय आहे, तिथे विमाधारकाला कोर्ट फी नाही.

डिसेंबरात पुण्याला जाणार असाल तर पुरवठादाराला महिनाभर आधी सांग आणि सहा आठवड्यांचा माल एकदम माग. तिकडे विकत घेतलेल्याची पावती कासे घेत नाही. भारत-जर्मनी करार पेन्शनचा आहे, आरोग्याचा नाही. रिकाम्या बॅगेत 210 डायपर मावतात की नाही ते आधी बघून घे. परतताना ती बॅग चकली-चिवड्याला मोकळी होतेच.

आणि हो, खासगी विम्याचे एजंट तुला हप्ता कमी म्हणून फोन करत असतील. तिथे मुलीची वेगळी पॉलिसी, वेगळा हप्ता, आणि डायपर मिळणार की नाही हे त्यांच्या यादीवर. मी तर त्या वाटेला जाऊ नकोस असंच म्हणेन.

काटा काढून ठेव आणि बुधवारपासून नोंद सुरू कर, म्हणजे शुक्रवारपर्यंत किटाचेही दिवस येतील. आउफत्सालुंगचा कागद समोर आला तर सहीआधी मला फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, ईश्वरीला खूप खूप पापे.

तुझा,
मिलिंद