नंदुरबारच्या सरांना, सावंतवाडीहून

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सावलीच्या प्रयोगासाठी तुमचे आभार मानले तेव्हा खाली अंगठ्यांची रांग लागली आणि मागोमाग 'माहिती आजच्या आज भरावी' असा निरोप येऊन पडला. त्यात माझे आभार कुठल्या कुठे वाहून गेले. म्हणून हे उघड पत्र.

आपण अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही. आकाशदर्शनाचं वेड असलेल्या शिक्षकांच्या गटात ओळख झाली आणि तुम्ही पहिल्याच बोलण्यात विचारलंत, "मॅडम, तुमची शाळा कुठल्या रेखांशावर?" हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता, आमच्या केंद्रप्रमुखांनीसुद्धा! सावंतवाडी 73.8, नंदुरबार 74.2. राज्याची दोन टोकं, पण जवळपास एकाच उभ्या रेषेवर. मधलं सरळ अंतर सुमारे 600 किलोमीटर. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांमधल्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला, तोच प्रयोग आपल्याला जमेल, हे तुम्हाला तिथल्या तिथे सुचलं.

मी हा प्रयोग दरवर्षी फळ्यावर शिकवत आले. फळ्यावर तो दहा मिनिटांत संपतो. खरा करायचा तर त्याच दिवशी दुसऱ्या अक्षांशावर कुणीतरी उन्हात उभं राहावं लागतं, एकट्या शाळेचं ते काम नव्हे. तुम्ही उभे राहिलात. मार्चमधलं तुमच्याकडचं ऊन, त्यात सकाळची शाळा सुरू झालेली. तरी पालकांशी बोलून मुलांना पाऊण वाजेपर्यंत थांबवलंत, प्यायच्या पाण्याची सोय केलीत. हे सगळं दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेसाठी.

20 मार्चला एक मीटरची काठी रोवून आम्ही फोटो पाठवला, तर तुमचा लगेच आवाजी निरोप: "काठी तिरकी दिसतेय, ओळंबा लावून बघा." शेजारच्या बांधकामावरच्या गवंडीदादांनी ओळंबा दिला, वर स्वतःच येऊन काठी सरळ करून गेले. मग दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सूर्य डोक्यावर बाराला येतो, अशी मुलांची खात्री होती. सर्वांत आखूड सावली पडली 12:40 च्या पुढे. आपलं भारतीय घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि आपण इतके पश्चिमेला, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

आमची सावली 28.5 सेंटिमीटर, तुमची 39. काठी आणि सावलीचे लहान त्रिकोण कागदावर काढून काठीच्या टोकाशी होणारे कोन मोजले तर 16 आणि 21 अंश. फरक 5. पाच अंशांना 600 किलोमीटर, तर पूर्ण 360 अंशांना, म्हणजे परीघ, 43,200 किलोमीटर. मुलं हिरमुसली. पुस्तकात 40,000 च्या आसपास. एकाने तर आकडा थोडा 'सरकवू या' असंही सुचवलं. (कागदोपत्री माहिती भरणाऱ्या मोठ्यांच्या संगतीचा परिणाम, दुसरं काय!) तेव्हा तुम्ही व्हिडिओ कॉलवर म्हणालात, "आकडा राहू दे. त्रिकोण मोठा काढा." दोन्ही शाळांच्या व्हरांड्यात खडूने पूर्ण मापाचे त्रिकोण निघाले, फळ्यावरचा लाकडी कोनमापक लावला. तुमचा कोन 21.5 भरला. अर्ध्या अंशाने उत्तर 39,300 च्या घरात आलं. अर्धा अंश काय करतो, हे माझ्या मुलांना आता कुणी शिकवायची गरज नाही.

आणि एक. कॉल संपवायच्या आधी तुम्ही मुलांना आपापसात बोलू दिलंत. आमच्या पोरांनी काजूची बोंडं दाखवली. तुमच्या मुलीने सांगितलं, मोहाची फुलं वेचायला पहाटे उठावं लागतं. तेव्हापासून आमच्या वर्गात मोह हा चौकशीचा विषय झालाय, त्यातले निम्मे प्रश्न मला येत नाहीत. तयार राहा, तुमच्याकडे पाठवणार आहे.

20 मार्चसारखाच दिवस-रात्र सारखे असणारा दिवस, म्हणजे विषुवदिन, सप्टेंबरातही येतो, पण त्याचं कोकणात काही खरं नाही, पाऊस असतो. पुढच्या मार्चसाठी मात्र गोव्यातल्या काणकोणच्या एक बाई तयार झाल्यात. रेखांश 74 च्या जवळच, अक्षांश 15. तुमच्यापासून अंतर 700 किलोमीटरवर जाईल. ओळंब्याचं त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

आपली,
सावंतवाडी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली एक विज्ञानशिक्षिका