क्राकोव 1257 च्या आधीचेच

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील पोलंडवरच्या प्रवासलेखात 'क्राकोव शहर 1257 साली वसवले गेले' असे म्हटले आहे. साल बरोबर आहे, पण त्या साली शहर वसले नाही. क्राकोवला बिशपचे पीठ आले तेच मुळी 1000 साली. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, इब्राहिम इब्न याकूब या प्रवाशाच्या वृत्तांतात या शहराचे नाव येते. 1241 च्या मंगोल स्वारीत ही जुनी वस्ती बेचिराख झाली. 5 जून 1257 रोजी क्राकोवचा ड्यूक बोलेस्वाफ याने दिली ती सनद, मागदेबुर्गच्या कायद्यानुसार, म्हणजे त्या जर्मन शहराच्या नगर-कायद्याच्या धर्तीवर, शहराची नव्याने आखणी करण्याची.

हे काम तीन 'वूइतां'कडे सोपवले होते. वूइत म्हणजे वंशपरंपरागत नगरप्रमुख, पण त्या घडीला खरे तर ठेकेदारच. बाहेरून, मुख्यतः सिलेशियातून आणि जर्मन मुलखातून, रहिवासी आणायचे, भूखंड पाडून द्यायचे आणि मोबदल्यात दर सहावा भूखंड स्वतःकडे ठेवायचा. नव्या रहिवाशांना पहिली सहा वर्षे भाडे माफ. आसपासच्या खेड्यांतल्या पोलिश लोकांना मात्र नागरिक करून घ्यायचे नाही, अशी अटही सनदेत आहे. गावे ओस पडली तर सारा कोण भरणार, हा ड्यूकचा रोकडा हिशेब.

आखणी दोरी लावून केलेली. मधोमध सुमारे 200 मीटर बाजूचा चौक, त्याच्या बाजूंनी काटकोनात निघणारे रस्ते आणि अंदाजे 21 बाय 42 मीटरचे भूखंड. पुढे वाटण्या होऊन त्यांचे उभे तुकडे पडले. चौकातली बरीच घरे अरुंद तोंडाची आणि खोल दिसतात ती त्यामुळे.

जुने शहर या आखणीत पुरते दबले नाही, आणि जाणाऱ्यांनी पाहावे ते नेमके हेच. वावेल किल्ल्याकडे जाणारा ग्रोद्झका रस्ता चौकाच्या कोपऱ्यातून तिरका, नरसाळ्यासारखा फुटतो, कारण ती वाट सनदेच्या आधीची. सेंट मेरी चर्चही चौकाच्या रेषेत बसत नाही. तिथले पहिले चर्च 1220 च्या दशकातले, आणि आजची इमारत त्याच जागी जुन्याच दिशेने उभी राहिली. ग्रोद्झकाच्या तोंडाशी असलेल्या सेंट वोइचेख या छोट्या चर्चच्या भिंतींचा तळ आजच्या फरसबंदीखाली सुमारे दोन-अडीच मीटर आहे. शतकानुशतके चिखल, कचरा आणि त्यावर नवी फरसबंदी असे थर चढत गेले.

लेखातली सेंट मेरीच्या मनोऱ्यावरच्या तुतारीवाल्याची गोष्टही तपासायला हवी होती. 1241 मध्ये तुतारी वाजवताना त्याच्या गळ्यात मंगोल बाण लागला म्हणून सूर आजही मध्येच तुटतो, ही दंतकथा. तिचा प्रसार विसाव्या शतकातला. तुतारीची सर्वांत जुनी नोंद 1392 ची, आणि ज्या मनोऱ्यावरून ती वाजते तो 1241 मध्ये नव्हताच. गोष्ट सांगायला हरकत नाही, इतिहास म्हणून छापू नये एवढेच.

त्याऐवजी चौकाखालच्या संग्रहालयाबद्दल चार ओळी हव्या होत्या. उत्खननानंतर 2010 मध्ये ते खुले झाले. तिथला शिशाचा एकसंध गोळा 693 किलोचा आहे. शिसे जवळच्या ओल्कुशचे, तांबे आजच्या स्लोव्हाकियातले. तांब्यातली चांदी वेगळी काढायला शिसे लागे, म्हणून दोन्ही धातूंची गाठ इथे पडे. 1306 मध्ये ड्यूक व्वादिस्वाफ वोकिएतेकने क्राकोवला माल उतरवून घेण्याचा हक्क दिला. परक्या व्यापाऱ्याला तांबे परस्पर पुढे नेता येईना. ते आधी इथे उतरवून विक्रीला मांडावे लागे. चौकात सरकारी वजनकाटा होताच, त्यामुळे वजनाची फीही शहराच्या पदरात पडे. संग्रहालयात ठरावीक वेळेला ठरावीक लोकांनाच सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढून ठेवलेले बरे. सहल कंपन्यांच्या धावत्या कार्यक्रमात हे सहसा बसत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे