त्या मांजराचं नाव टॉम नाहीये हो!

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला तुमचा लेख वाचला, जुनी कार्टून्स मुलांना मारामारी शिकवतात असा एकंदर सूर होता त्याचा. तसे लेख येतच असतात, त्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण वर जो फोटो छापलाय ना, करडं मांजर, दोन्ही हात वर, डोळे वटारलेले, आणि खाली ओळ की "हल्ल्याच्या तयारीतला टॉम, १९४०", ती ओळ वाचून मला चहा ठसकला. एक तर तो टॉम नाहीये. आणि दुसरं म्हणजे तो हल्ला करत नाहीये, तो वरून पडणारा काचेचा ग्लास झेलायला धडपडतोय, ग्लास तुम्ही फोटो कापताना वरच्या वर उडवलात!

ही फिल्म मी किती वेळा बघितली असेल ते मोजणं मी सोडलंय. 'पस गेट्स द बूट' हे नाव, हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीच्या कार्टून स्टुडिओत बनलेली, फेब्रुवारी १९४० मध्ये थिएटरात आली. म्हणजे मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवायची छोटी फिल्म, फक्त लहान पोरांसाठी केलेली वगैरे नाही, समोर मोठी माणसंही बसलेली असायची हे लेखात कुठंच आलेलं नाही. यात मांजराचं नाव आहे जास्पर, आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. टॉम आणि जेरी ही नावं नंतर आली, स्टुडिओत स्पर्धा ठेवली होती, जॉन कार नावाच्या ॲनिमेटरने ही जोडी सुचवली आणि त्याला ५० डॉलर मिळाले. त्या दोन नावांवर पुढे किती पैसा झाला ते बघता ५० डॉलर म्हणजे काहीच नाही, पण असो.

आता गोष्ट सांगतो, कारण ती कळल्याशिवाय माझा मुद्दा कळायचा नाही. जास्पर हे घरातलं पाळलेलं, खाऊनपिऊन सुखी मांजर. उंदीर म्हणजे त्याच घरातला बिनभाड्याचा भाडेकरू. सुरुवातीला मांजर त्याला छळतं, शेपटी धरून ठेवतं आणि तो बिचारा जागच्या जागी पळत बसतो, मग भिंतीवर शाईने खोटं बीळ काढतं आणि उंदीर जाऊन धाडकन भिंतीवर आपटतो. इथपर्यंत तुमच्या लेखकाचं म्हणणं मी मान्य करतो, दुष्टपणा आहे. पण या दंग्यात फुलांची कुंडी फुटते, घर सांभाळणारी बाई येते आणि सांगते की अजून एक वस्तू फुटली की तू घराबाहेर. बस्स. इथून फिल्म पूर्ण उलटी होते.

कारण हे उंदराने ऐकलंय. तो टेबलावर चढतो आणि काठावर ग्लास धरून उभा राहतो. एवढंच करतो! मांजर दोन पावलं पुढे आलं की हा ग्लास सोडल्यासारखं करतो, मांजर थबकतं, मागे सरकतं. या क्षणी कोण कोणाला मारतंय सांगा बघू. कोणीच नाही. नखाएवढ्या उंदराने घरातल्या सगळ्यात बलवान प्राण्याला काचेच्या एका ग्लासावर नाचवलंय. मग ग्लास पडायला लागतात आणि मांजर धावून धावून झेलतं, उशा आणून जमिनीवर अंथरतं की पडला तरी फुटू नये, आणि ज्याला आत्तापर्यंत आपण दुष्ट म्हणत होतो त्याच्यासाठी आपलाच जीव टांगणीला लागतो. पुढे ताटल्यांची वेळ येते. उंदीर फळीवरून एकेक ताटली सोडतो, मांजर ती झेलून हातावर रचत जातं, थप्पी वाढत वाढत त्याच्या डोक्याच्याही वर जाते, आता त्याला हलता येत नाही, ओरडता येत नाही, काहीच करता येत नाही. तेव्हा उंदीर आरामात खाली येतो, मांजराच्याच दुधात डुंबतो, मांजराच्याच शेपटीला अंग पुसतो, आणि मग जाता जाता मागून एक लाथ.

ती एक लाथ. आवाज आला, बाई आली, मांजर बाहेर. उंदीर आपल्या बिळापुढे 'होम स्वीट होम'ची पाटी लावून आत.

मला सांगा, यात हसू येतं ते लाथेला येतं का? लाथ तर अर्ध्या सेकंदात संपते. हसू येतं ते त्याच्या आधीच्या सगळ्या टांगलेल्या वेळाला, पडतंय पडतंय पडत नाही, त्या ताणाला. लेखात "डोक्यात पॅन घालणे" हीच या विनोदाची ओळख दिलीय, म्हणजे तमाशा बघून यावं आणि फक्त ढोलकी फुटली का ते सांगावं तसं झालं. हा टायमिंगचा खेळ आहे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांची ही एकत्र केलेली पहिली फिल्म. चित्रं, गमती हे बार्बेराचं अंग जास्त, आणि कुठली गोष्ट किती फ्रेम चालावी हे हॅनाचं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, त्यातल्या चार इकडच्या तिकडं झाल्या तरी गंमत मेली. (नंतरच्या फिल्म्समध्ये टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी आहे ना, ती पण हॅनाचीच, स्वतःच्या घशातून काढलेली.) आणि स्कॉट ब्रॅडलीचं संगीत, मांजर चोरपावलांनी चाललं की वाद्यं पण चोरपावलांनी चालतात. आमच्या भाच्याला मी मोबाईलवर ही फिल्म लावून दिली तर कुणीतरी त्यावर स्वतःची बडबड आणि हसण्याचे आवाज चिकटवलेले होते, वर स्क्रीन भरावी म्हणून चित्र वरून-खालून कापलेलं, म्हणजे उंदीर टेबलावर वर आणि मांजर जमिनीवर खाली आणि आपल्याला दोन्ही अर्धेच दिसतात. पोरगं दोन मिनिटांत उठून गेलं. त्याला मूळ चौकोनी चित्रातली, मूळ आवाजातली शोधून दाखवली, तर ताटल्यांच्या वेळी त्याने माझा दंड असा दाबून धरला की वळ उठले. फिल्मनंतर त्याने कोणाला लाथ मारली नाही, घरातले ग्लास मात्र मी दोन दिवस वरच्या फळीवर ठेवले, ते खरं!

आक्षेप घ्यायचाच असेल ना संपादक साहेब, तर खऱ्या जागी घ्या, आणि ती जागा याच नऊ मिनिटांत आहे. ती घर सांभाळणारी बाई कृष्णवर्णीय आहे, तिचा चेहरा दिसत नाही, दिसतात ते फक्त पाय, झगा, चपला. तिच्या तोंडी 'आऊट'चं स्पेलिंगसुद्धा चुकीचं दिलंय, ओ-डब्ल्यू-टी, आणि त्यावर लोकांनी हसावं अशी अपेक्षा. आवाज लिलियन रँडॉल्फ या चांगल्या अभिनेत्रीचा आहे, पण तेव्हाच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईला पडद्यावर अशाच मोलकरणी वाट्याला यायच्या. हॅना-बार्बेराच्या फिल्ममधून हे पात्र १९५२ नंतर गेलं, पुढे टीव्हीवर दाखवताना काही फिल्ममध्ये तिच्या जागी दुसरी बाई रंगवली, काही ठिकाणी आवाज बदलले. मला स्वतःला ती बदलाबदल पटत नाही, जे होतं ते तसंच दाखवा आणि पोरांना शेजारी बसून सांगा असं माझं मत, पण यावर भांडण होऊ शकतं आणि झालंही पाहिजे. तुमच्या अख्ख्या पानभर लेखात या बाईचा उल्लेख एका शब्दाने नाही. पॅन दिसला, बाई नाही दिसली!

अजून एक सांगतो, कारण मी पत्र लिहितोय आणि हा किस्सा पत्राचाच आहे. या फिल्मवर हॅना आणि बार्बेराचं नावच नव्हतं, नाव लागलं ते स्टुडिओतल्या त्यांच्या वरिष्ठाचं, रुडॉल्फ आयसिंगचं. ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि हरली कोणाला तर त्याच स्टुडिओच्या, त्याच आयसिंगच्या 'द मिल्की वे'ला, तीही मांजराच्या पिल्लांचीच! साहेबलोकांना मांजर-उंदीर पुढे चालवायचं फारसं मनात नव्हतं. मग बार्बेरा सांगायचे तसं टेक्सासहून थिएटरच्या धंद्यातल्या एका बाईंचं पत्र आलं की ही मांजर-उंदराची अजून फिल्म कधी येणार, आणि गाडी सुरू झाली. हॅना-बार्बेराने १९५८ पर्यंत अशा ११४ केल्या, त्यातल्या सातांना ऑस्कर मिळालं, आणि ते ऑस्करचे बाहुलेही निर्माता फ्रेड क्विम्बीलाच गेले.

तेव्हा एवढंच करा, पुढच्या रविवारी एक छोटी दुरुस्ती छापा की फोटोतलं मांजर जास्पर आहे आणि ते ग्लास वाचवतंय. आणि फोटो परत छापणार असाल तर कृपा करून वरून कापू नका.

तुमचा जुना वाचक