ओवीच्या नावाचं चित्र : मनापासून आभार

आमची लेक ओवी दत्तक आली तेव्हा सव्वा वर्षाची होती, आणि नाव घेऊनच आली. संस्थेतल्या एका मावशींनी ते ठेवलेलं. त्या तिला मांडीवर घेऊन जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, की ही रडायची थांबायची. 'नाव बदलणार ना?' असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही बदललं. जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशातही तेच आहे.

त्या नावाचं चित्र घरात हवं होतं. डहाणूजवळच्या एका पाड्यावरच्या वारली चित्रकार ताईंनी ते काढून दिलं. गेरू लावलेल्या कापडावर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. मी आधी नुसती अक्षरं मागितली होती. त्या म्हणाल्या, "नाव कुठून आलं ते काढू या ना." मग त्यांनी जातं काढलं, दळणाऱ्या दोघी, एकीच्या मांडीवर मूल. भोवती तारपा वाद्यावर नाचणाऱ्यांचा फेर, आणि फेरात एकाच माणसाएवढी जागा मोकळी. "पोर मोठी झाली की तिथं स्वतःला काढेल." मला तिथेच रडू आलं.

ताई, तुमचे खूप खूप आभार. पाड्यापर्यंत सोबत चालत आलेल्या एसटीतल्या आजोबांचे आणि रात्री थांबून फ्रेम करून देणाऱ्या दादांचेही.

आणि मावशी, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? चित्राचा फोटो संस्थेत पाठवलाय. ओवी रोज त्या मांडीवरच्या बाळावर बोट ठेवते आणि म्हणते, "मी."